हाडातला पांढरा पट्टा

"हा माझा गुडघा?" त्रिशलाबाईंनी चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला. "असला दिसतोय होय आतनं?"

"हा आत्ताचा, आई. आणि हा बघा…" सन्मतीनं हवेत बोट सरकवलं. भिंतीवरच्या चित्रात दोन हाडांमधली काळी फट हळूहळू मिटत गेली. हाडांच्या कडांना काटे फुटले. शेवटी वरचं हाड खालच्यावर टेकलं आणि चित्र थांबलं. "हा सात वर्षांनंतरचा."

मिरजेच्या त्या संशोधन केंद्रात रोज कितीतरी माणसं आपला म्हातारा गुडघा असा आधीच बघून जायची. कुणी रडायचं, कुणी भांडायचं. त्रिशलाबाईंनी मात्र शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ मुलीला कोपरानं ढोसलं.

"हे आमच्या सुनेनं केलंय बरं का."

"एकटीनं नाही, आई. आम्ही अकराजण आहोत."

"असू देत की. दहाजण चहाला असतील."

केंद्राचे प्रमुख डॉ. शिरगुप्पे आत आले तेव्हा सगळे हसत होते. त्यांनी चित्र बघितलं आणि ते हसले नाहीत. "काकू, जमिनीवर बसणं आजपासून बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही. लहान मूल घेऊन खालून उठणं तर अजिबात नाही."

त्रिशलाबाईंची नजर सन्मतीच्या पोटाकडे गेली. सातवा महिना होता. "आणि न्हाऊ घालायचं?"

"कुणाला?"

"ह्याला की. येतोय त्याला."

"पायावर घेऊन? मुळीच नाही."

सांगलीतल्या त्यांच्या गल्लीत ज्याची नाळ पडली ते प्रत्येक पोर पहिल्यांदा त्रिशलाबाईंच्या पायांवर न्हालं होतं. धंदा नव्हता तो. बाळंतीण घरी आली की बोलावणं यायचं. त्या न्हाणीघरात पाटावर बसत, पाय लांब करत, नडग्यांवर पोराला पालथं घालत, कोमट तेल, मग चण्याचं पीठ, मग सोसवेल असं पाणी. न्हाऊन झालं की तेच पाय पाळणा होत. थोरली नात आर्वी पहिलं वर्षभर दुसऱ्या कुठे झोपलीच नव्हती. त्या पायांना आता कामावरून काढलं होतं.

गाडीत बसताना सन्मती म्हणाली, "आई, वाईट वाटलं?"

"वाईट कशाचं? तुझं यंत्र सांगतंय. ते काय खोटं सांगेल?"

त्या यंत्राचं नाव जानुदर्शी. सन्मतीचा नवरा अभिनंदन त्याला 'जानूबाई' म्हणायचा. "काय म्हणते आज तुझी जानूबाई?" असं विचारत तो भाजी चिरायला घ्यायचा. तिचं काम मात्र साधं नव्हतं. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती झिजली की हाडाला हाड लागतं आणि माणूस जिना बघून घाबरायला लागतो. एक्स-रेत ही गादी दिसत नाही, फक्त तिची जागा दिसते, रिकामी फट. फट कमी झाली म्हणजे गादी गेली, आणि तोवर उशीर झालेला असतो.

जानुदर्शी फटीपेक्षा तिच्या शेजारच्या हाडाकडे जास्त बघायची. हाड बाहेरून भरीव वाटतं, आत जाळीदार असतं. जिथे भार जास्त पडतो तिथे जाळी दाट होते आणि एक्स-रेत पांढरी दिसते. जिथे भार नाही तिथे विरळ होते. म्हणजे माणूस आयुष्यभर कसा चालला, कसा बसला, काय उचललं, याची खूण त्या जाळीत उमटत असते. डोळ्याला न दिसणारे तिचे बारकावे यंत्र मोजायचं. देशातल्या आणि परदेशातल्या लाखो गुडघ्यांचे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढलेले फोटो त्याला दाखवले होते. कुठल्या जाळीचं पुढे काय झालं, हे ते त्यातून शिकलं होतं. तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांत ते पोचलं होतं. पन्नाशी आली की डोळे तपासावेत तसे लोक गुडघ्याचं भविष्य बघून यायचे, आणि वेळीच व्यायाम सुरू केल्यामुळे कित्येकांच्या शस्त्रक्रिया टळल्या होत्या. सन्मतीला त्याचा अभिमान होता. उगाच नव्हता.

त्रिशलाबाईंच्या फोटोत एक विचित्र गोष्ट होती. दोन्ही पायांत, गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला पुढच्या बाजूनं एक दाट पांढरा पट्टा होता. यंत्रानं त्यावर लाल रंग भरून लिहिलं होतं, 'अनोळखी ताण'. त्या एका पट्ट्यानं भविष्य बरंच काळवंडलं होतं.

पार्श्वचा जन्म झाला तेव्हा अभिनंदननं न्हाणीघरात निळा टब आणून ठेवला. पाण्याचं तापमान टबच सांगायचा. पार्श्वला त्याचं काही कौतुक नव्हतं. पाठ टबाला लागली की तो असा काही रडायचा की शेजारचे चौगुले खिडकीतून विचारायचे, "काय कापताय का पोराला?"

त्रिशलाबाई दाराबाहेर खुर्चीवर बसून सूचना द्यायच्या.

"मान धर. मान! अगं तशी नव्हं. डोळ्यात पाणी चाललंय त्याच्या."

"आई, धरलीय."

"बरं बाई. धर."

त्या कधी उठून आत आल्या नाहीत. गल्लीतून बोलावणं आलं की सांगायच्या, "मला बंदी आहे. सुनेच्या यंत्रानं घातलीय." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा जसं काही सरकारनं शाल दिली आहे. त्या सोफ्यावर बसायच्या, खुर्चीवर जेवायच्या, देवपूजासुद्धा स्टुलावर बसून करायच्या. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम चार दिवस केला, मग कंटाळल्या. "नुसता पाय ताणून भिंतीकडं बघत बसायचं, हे काय काम आहे?"

वर्षानं पुन्हा फोटो काढले, तेव्हा पार्श्व दहा महिन्यांचा होता.

सन्मतीनं दोन्ही वर्षांचे फोटो एकावर एक ठेवले. यंत्र हाडांच्या कडा जुळवून एका फोटोतून दुसरा वजा करतं. जे बदललं तेवढंच उरतं. उरलेलं चित्र बघून ती खुर्चीत मागे टेकली. डाव्या गुडघ्याची फट यंत्राच्या अंदाजापेक्षाही जास्त मिटली होती. सगळी बंधनं पाळूनसुद्धा. आणि तो पांढरा पट्टा फिका झाला होता.

डॉ. शिरगुप्पेंनी चित्र बघून लगेच ठरवलं. "डावा बदलून टाकू. पुढच्या गुरुवारी जागा आहे. काकू, नवीन गुडघ्यानं तुम्ही मस्त चालाल. फक्त खाली बसायचं विसरायचं."

"ते मी कधीच विसरले," त्रिशलाबाई म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी पहिल्यांदाच सन्मतीचा हात धरला, आणि तो सगळा वेळ सोडला नाही.

सन्मतीला एकच गोष्ट छळत होती. ताण वाईट होता, तर तो गेल्यावर गुडघा सुधारायला हवा होता. मग बिघडला का?

मंगळवारी अभिनंदन आईला शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांना घेऊन गेला. आर्वी शाळेत होती. सन्मती घरूनच काम करत होती, म्हणजे करायचा प्रयत्न करत होती. आदल्या दिवशी पार्श्वला लस टोचली होती. अंग कोमट होतं, आणि खांद्यावर, कडेवर, झोळीत, कुठेच त्याला चैन नव्हती. दुपारी ती थकून जमिनीवर बसली. भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले, नडग्यांवर उशी ठेवली आणि त्याला उताणं झोपवलं, डोकं तिच्या पावलांकडे. पावलं एकमेकांना जोडून ती डावीउजवीकडे हलवू लागली. असं तिनं कधी केलं नव्हतं. आर्वीच्या वेळी पाय सासूबाईंचे होते, आणि यावेळी कुणाचेच नव्हते.

पार्श्वचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही थांबले. तोवर तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. मूल हलवायचं तर गुडघा सरळ, ताठ ठेवावा लागत होता, आणि तो ताठ ठेवायला मांडीचे पुढचे स्नायू ओढून धरावे लागत होते. ती ओढ वाटीवरून खाली उतरून एका ठिकाणी येऊन बसत होती. तिनं बोटानं चाचपलं. नडगीचं वरचं टोक, पुढची बाजू.

समोरच्या भिंतीवर, सकाळी कामासाठी उघडलेला, सासूबाईंच्या गुडघ्याचा फोटो तसाच होता. पट्टा तिथेच होता.

ती उठू शकत नव्हती. उठली तर पार्श्व उठला असता. म्हणून पाय हलवत, मांड्या थरथरत असताना, ती यंत्राला कुजबुजत म्हणाली, "पट्टा असलेले सगळे गुडघे. काढ."

भिंत भरून गेली. सगळ्या बायका, पंचावन्नच्या पुढच्या. सांगली, शिरोळ, जत, अथणी. परदेशी फोटोंमध्ये असा एकही गुडघा नव्हता, आणि पुरुषांत एकही नव्हता. यंत्रानं हा पट्टा पुरेसा पाहिलाच नव्हता. अनोळखी काही दिसलं तर ते अपायकारक धरायचं, हा नियम तिच्या चमूनं घातला होता. पेशंटला उगाच धीर देण्यापेक्षा सावध करणं बरं, म्हणून.

"यातल्या ज्यांचे फोटो पुन्हा निघालेत त्यांचे दाखव. अंदाज आणि खरं, शेजारी शेजारी."

तिथे बायकांचे दोन गट पडले. काहींचे गुडघे अंदाजापेक्षा लवकर गेले होते, आणि त्यांचे पट्टे फिके झाले होते. काहींचे मात्र अंदाजापेक्षा कितीतरी चांगले राहिले होते. त्यांचे पट्टे जसेच्या तसे होते.

दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्या गटातल्या बायकांना फोन लावायला सुरुवात केली. शिरोळच्या एका आजींनी तर तिलाच फैलावर घेतलं.

"हो, सांगितलं होतं तुमच्या लोकांनी, पायावर पोर घेऊ नका म्हणून. नात झोपायची कशी मग? तुम्ही येताय काय झोपवायला?"

"म्हणजे तुम्ही ऐकलं नाही?"

"कोण ऐकतंय!"

"फार चांगलं केलंत, आजी," सन्मती म्हणाली. पलीकडून आजींनी तिचं नाव परत विचारून घेतलं.

डॉ. शिरगुप्पेंनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटं गुंफून हात टेबलावर ठेवले. "सन्मती, घरचा पेशंट असला की माणूस पुरावा बघत नाही, आशा बघतो."

"म्हणूनच आईंचे फोटो मी यातून काढून टाकलेत, सर. उरलेले बघा."

त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग स्वतःच एक एक गुडघा उघडून मोजायला लागले.

"मांडीचे स्नायू ताकदवान असले की गादीवरचा धक्का कमी होतो, हे आपण पेशंटना रोज सांगतो," शेवटी ते म्हणाले. "आणि जो व्यायाम या बायका न सांगता करत होत्या, तोच आपण बंद केला?"

"व्यायाम बंद केला. पण उठबस बंद केली ते बरोबर होतं. खालून मूल घेऊन उठताना गुडघा खरंच झिजतो, तेही या फोटोंत आहे. आपण दोन्ही गोष्टी एकाच लाल रंगात रंगवल्या."

"अनोळखी म्हणजे वाईट, हा नियम कुणाचा?"

"लिहिला मी. मंजूर तुम्ही केला."

त्यांनी चष्मा काढला. "तीन महिने देतो. फट आणखी मिटली, तर मी तुझं ऐकणार नाही."

"तेव्हा मीही माझं ऐकणार नाही, सर."

खरा अवघड भाग घरी होता. त्रिशलाबाई दवाखान्यासाठी सुती साड्या निवडत पलंगावर बसल्या होत्या. सन्मतीनं दार लोटलं आणि सगळं सांगितलं; पट्टा, शिरोळच्या आजी, नियम, सगळं.

त्रिशलाबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. "म्हणजे मी बसायला पायजे होतं?"

"पाय लांब करून, हो. फक्त खालून उठायला नको होतं."

"म्हणजे तुझं यंत्र चुकलं."

"आम्ही चुकलो. मी चुकले."

त्यांनी हातातली घडी बाजूला ठेवली. मग एकदम म्हणाल्या, "गुडघ्याचं जाऊ दे गं. गुडघा काय, दवाखान्यात मिळतोय नवा. हे पोर त्या टबात किंचाळायचं आणि मी दाराबाहेर खुर्चीला धरून बसायची. रोज. आत यायला पाय उठायचे माझे. नको म्हणायची स्वतःला, सन्मतीनं सांगितलंय. आता चालायला लागंल तो. न्हाऊ घालायचं वय गेलं की त्याचं. ते कुठं बदलून मिळतंय?"

सन्मती पलंगाच्या कडेला बसली आणि डोळे पुसायला तिनं समोरची सुती साडीच घेतली.

"ती नको, धुतलीय," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि आपला पदर पुढे केला. "आता ऑपरेशनचं कोण सांगणार? यंत्र?"

"तुम्ही ठरवायचं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी दाखवते. सगळं."

तिनं दाखवलं. अंदाजापेक्षा वाईट झालेले गुडघे आणि चांगले राहिलेले. त्रिशलाबाईंनी डाळ निवडावी तसा एकेक फोटो बघितला.

"आणि नाहीच झालं बरं तर?"

"तर ऑपरेशन आहेच. तीन महिन्यांनी काही बिघडत नाही."

"तू परत चुकलीस तर?"

"चुकू शकते, आई."

त्रिशलाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "हे तू आधी म्हणाली असतीस ना, 'चुकू शकते', तर मी एवढं ऐकलं नसतं बघ." त्यांनी साड्या उचलून कपाटात परत ठेवल्या. "तीन महिने बसते. पण खाली नाही. खालून उठवत नाही मला. तेवढं तुझं यंत्र खरं बोललंय."

अभिनंदननं जुना दिवाण कापून खुर्चीच्या उंचीचा, पाय लांब करता येईल असा बाक केला. अडचण पार्श्वची होती. त्याला आता पायावर पडून राहायचं नव्हतं. तो पायांवरून घसरगुंडी करायचा. म्हणून केंद्रानं बाळाच्या वजनाची, मऊ कापडाची वाळूची पिशवी शिवून दिली.

"हे काय मुकं पोर दिलंस मला," म्हणत त्रिशलाबाईंनी ती पायांवर घेतली. पहिल्या आठवड्यात मांड्या लटपटायच्या. मग त्या पिशवी हलवता हलवता फोनवर गप्पा मारायला लागल्या, शेंगा सोलायला लागल्या. एकदा अभिनंदननं फुशारकीनं ती पिशवी आपल्या पायांवर घेतली आणि थोड्याच वेळात "अगं आई गं" म्हणत बाजूला ठेवली. मायलेकी हसाव्यात तशा दोघी हसल्या.

तिकडे यंत्रही शिकत होतं. केंद्रा-केंद्रांवर तंत्रज्ञ आता येणाऱ्या बायकांना विचारू लागले, नातवंडं पायावर घेता का, अजून घेता का. कुणाला पिशव्या मिळाल्या, कुणाला बाक. सन्मतीनं आणखी एक बदल हट्टानं करून घेतला. आता भविष्याचं एकच चित्र दिसत नव्हतं. तीन-चार चित्रं एकमेकांवर धूसर उमटायची, आणि जिथे यंत्राला माहीत नसेल तिथे ते तसं लिहायचं. आधी कामावरच्या लोकांना वाटलं, पेशंट चिडतील. पेशंट उलट जास्त प्रश्न विचारायला लागले.

तीन महिन्यांनी फोटो काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौगुल्यांची सून आपलं महिन्याचं बाळ घेऊन आली. बाक न्हाणीघरात होता. त्रिशलाबाईंनी पाय लांब केले, पोराला पालथं घातलं, हातात तेल घेतलं. बाळानं एकदा नाक मुरडलं आणि गप्प झालं. त्याला न्हाऊ घालून, पुसून, टॉवेलात गुंडाळून त्रिशलाबाई त्याच्या आईकडे देतच होत्या तेवढ्यात सन्मतीचा फोन वाजला.

"सन्मती, फट टिकलीय!" डॉ. शिरगुप्पेंचा आवाज चढला होता. "जरासुद्धा मिटली नाही. आणि पट्टा परत दाट व्हायला लागलाय. ऑपरेशन आत्ता नकोच. काकूंना विचार जरा, भरभर चालताना दुखतं का?"

सन्मती विचारायला वळली. पण गेल्याच आठवड्यात चालायला लागलेला पार्श्व साबणाची वडी घेऊन अंगण ओलांडून उघड्या फाटकापर्यंत पोचला होता. समोर रस्ता होता. बिनचालकाच्या रिक्षा आवाज न करता पळत होत्या. ती फोन टाकून धावणार, तोच बाक रिकामा दिसला. ओल्या पायांनी, ना भिंत धरून ना कुणाचा हात धरून, त्रिशलाबाई अंगण पार करून गेल्या होत्या. फाटकाच्या बाहेर त्यांनी नातवाची चड्डी मागून पकडली.

"कुठं निघाला साहेब? आँ? साबण विकायला?"

"सन्मती? ऐकतेयस ना? विचारलंस का?"

"आत्ता विचारता येत नाही, सर," सन्मती म्हणाली. ती हसत होती. "पेशंट पोराच्या मागं रस्त्यावर गेल्यात."